अर्धा सूर वर

भाऊजींनी डोळे मिटले, की घड्याळानं भिंतीकडे तोंड करून बसावं, हे त्या ताफ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ओठांत सॅक्सोफोन, गाल ताठ, पापण्या घट्ट. मग सुरांचा असा लोंढा सुटायचा, की पुढची पाळी ज्याची असेल तो आधी वाद्य सरसावून बसे, मग नुसताच बसे, आणि शेवटी वाद्य मांडीवर आडवं टाकून आपली नखं पाहत राही.

पुढची पाळी बहुधा धाकटीची असे.

धाकटी आता बावन्न वर्षांची होती. पण धाकटी सून म्हणून त्या घरात पाऊल टाकलं ते टाकलं. केस पिकले तरी नाव पिकलं नाही. नवऱ्याला ना सूर कळे ना ताल, त्यामुळे त्या घरात पोटभर झोपणारा तो एकटाच. लग्नाला तीन आठवडे झाले होते, तेव्हा त्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे भाऊजींनी, जिना चढताना आतून येणारी गिटार ऐकली. वाजवणारी थांबू नये म्हणून ते बूट काढून हातात घेऊन वर आले, आणि दारातूनच धाकट्या भावावर खेकसले, "अरे गाढवा, ही बोटं तू भांडी घासायला आणलीस?"

दुसऱ्या दिवसापासून धाकटी भाऊजींच्या जॅझच्या ताफ्यात. ते वाजवत बॉप. बॉप म्हणजे भरधाव घोड्यावर बसून सुईत दोरा ओवायचा खेळ: आधी सगळ्यांनी मिळून एक चाल म्हणायची, मग त्याच चालीच्या अंगणात एकेकानं एकट्यानं हुंदडायचं, त्याला म्हणायचं सोलो, आणि शेवटी सगळ्यांनी पुन्हा चालीवर परत यायचं. हुंदडायची आवर्तनं आधी ठरलेली असत. म्हणजे, ठरलेली असत एवढंच.

सात तबकड्या निघाल्या. सातही तबकड्यांत धाकटी होती, रंगाखाली भिंतीची वीट असते तशी. वीट काढा, घर खाली येईल. पण रंग पाहून जाणारा विटेला कशाला विचारतो?

आठवी तबकडी मात्र तिच्या नावाची निघायची होती. चाली तिच्या, ताफ्याची पुढारी ती. तबकड्या काढणाऱ्या बाईंनी एकच अट घातली होती. "पाच चालींत एक तरी गिटारचा सोलो हवा, पूर्ण, चार आवर्तनांचा. तो नसला तर बाई, ही तबकडीही तुमच्या भाऊजींच्याच नावानं काढावी लागेल. लोक ऐकतील आणि म्हणतील, गिटारवाली आहे कुठे?"

चार चाली टेपवर चढल्या होत्या. चारही भाऊजींनी खाल्ल्या होत्या.

उरली पाचवी. हिच्यासाठी तबकडीवर जागा सहा मिनिटांची. चाल वेगवान, एक आवर्तन अर्ध्या मिनिटाचं, म्हणजे एकूण बारा. धाकटीनं वाटणी कागदावर लिहून चारही स्टँडांना चिमट्यांनी लावली होती: चाल एक, भाऊजी तीन, गिटार चार, बास एक, ड्रम दोन, पुन्हा चाल एक.

"तीनच हं भाऊजी," ती म्हणाली होती.

"अगं, तीन म्हणजे तीन. मी काय लहान आहे?" एकाहत्तर वर्षांचे भाऊजी म्हणाले, आणि डोळे मिटले.

पहिल्या टेकला त्यांनी अकरा आवर्तनं घेतली. दुसऱ्याला नऊ, आणि वाद्य खाली ठेवून रुमालानं मान पुसत म्हणाले, "बघ, कसं आवरलं स्वतःला!"

काचेपलीकडे यंत्रांपुढे बसलेला रेकॉर्डिंगवाला हा मोजकं बोलणारा माणूस होता. त्यानं बटण दाबलं, छतातल्या भोंग्यातून त्याचा आवाज आला. "टेप एका टेकपुरती उरली. चार वाजता जाहिरातवाल्यांची गाणारी मंडळी येणार. पंधरा मिनिटं सुट्टी."

साडेतीन वाजले होते.

भाऊजी सॅक्सोफोनच्या तोंडाशी असते ती बोरूची जिभली ओली करायला नळाकडे गेले. बाकीचे तिघं कॉरिडॉरमध्ये कॉफीच्या यंत्रापाशी उभे राहिले. तिघं म्हणजे धाकटी, ड्रम वाजवणारा पोस्टमन आणि जाऊबाई. पोस्टमननं तीस वर्षं पत्रं वाटली होती. दारं ठोठावता ठोठावता ताल बसला, असं तो सांगे. जाऊबाई भाऊजींच्या पत्नी. आपल्यापेक्षा वीतभर उंच असलेला बास, म्हणजे खर्जात बोलणारं ते थोरलं व्हायोलिन, त्या लहान मुलाला खांद्याशी धरावं तसा धरत. शिवाय त्यांना यमकं जुळवायची खोड होती. आत्ताही कपातली कॉफी फुंकत त्या म्हणाल्या,

"फुंकणाऱ्याचा श्वास सरेना,
ऐकणाऱ्याचा दिवस पुरेना."

"हसू नका जाऊबाई, माझा जीव जातोय," धाकटी म्हणाली. "यावेळी नाही झालं तर माझी तबकडी गेली."

"मी तिसऱ्या आवर्तनानंतर मोठी झांज हाणू का?" पोस्टमननं विचारलं.

"मघाशी हाणलीत की. त्यांना वाटलं दाद दिलीत. आणखी दोन आवर्तनं वाढली त्यापायी."

"तोंडावर सांगावं सरळ."

"डोळे मिटल्यावर त्यांना तोंड कुठे असतं?" जाऊबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं जेवायला हाका मारतेय मी. आमटी थिजते, माणूस हलत नाही."

धाकटीनं कप ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. मग आळीतल्या पोरांनी कैऱ्या पाडायचा बेत करावा तशा आवाजात म्हणाली, "आपल्याकडे पियानो नाही."

"मग?"

"मग पट्टी कोण धरून ठेवतं? मी आणि तुम्ही. आपण दोघी जिथे जाऊ, तिथे त्यांना यावंच लागेल. तीन आवर्तनं सरळ जाऊ द्यायची. चौथ्याला आपण अर्धा सूर वर सरकायचं. पाचव्याला आणखी अर्धा. सहाव्याला आणखी."

पोस्टमनचे डोळे चमकले. त्याचं वाद्य ना वर जाणारं ना खाली, त्यामुळे दुसऱ्याची फजिती पाहायला तो मोकळा होता.

गंमत अशी, की गिटारवर पट्टी बदलायची म्हणजे हात एक घर पुढे सरकवायचा. शेजारच्या खोलीत जाऊन तीच मांडणी. सॅक्सोफोनवर मात्र बोटांचा सगळा संसार उलटापालटा होतो. ज्या वाटांवरून भाऊजी चाळीस वर्षं डोळे मिटून धावले, त्या वाटाच पायाखालून निघून जाणार.

"चौथ्याला अडखळतील, पाचव्याला थांबतील," धाकटी म्हणाली. "ते थांबले की आपण मूळ पट्टीवर परत, आणि माझा सोलो."

"नवरा आहे गं तो माझा," जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्हांला विचारतेय."

जाऊबाईंनी कॉफी संपवली, कप चुरगाळून डब्यात टाकला. "आमटी फार थिजली बाई आजवर," त्या म्हणाल्या. "चल."

धाकटीला मूळ पट्टीवर परत यायचं होतं त्याला कारण होतं. तिचा सोलो तयार होता. आजचा नव्हे, वीस वर्षांचा. जिन्यात, बाथरूममध्ये, कपडे वाळत घालताना, दुसऱ्यांच्या पाळीत नखं पाहताना तिनं तो सूर सूर निवडून रचला होता. त्या सोलोचं सगळं गुपित चौथ्या तारेत होतं, बोट न ठेवता मोकळी छेडलेली. वर बोटं पळत राहायची आणि खाली ती मोकळी तार गुणगुणत राहायची, आई काम करता करता पाळण्याला झोका देते तशी. पट्टी मूळची असली तरच ती तार सुरात. अर्धा सूर इकडे की तिकडे झाला, तर तीच तार कर्कश सावत्र आई.

लाल दिवा लागला. कुणी खोकायचं नाही, कुणी बोलायचं नाही. पोस्टमननं काड्यांवर चार मोजले.

चाल सुटली. गिटार आणि सॅक्सोफोन एकाच दमात, एकाच उडीत. दोन पाखरं एका तारेवरून उठावीत आणि वळणं घेताना पंखाला पंख लागू नये, तसे. मग भाऊजींनी श्वास भरला आणि डोळे मिटले.

एक. दोन. तीन. भाऊजींच्या त्याच सुंदर, मळलेल्या वाटा. तिसरं सरलं, भाऊजींनी चौथ्यात पाय टाकला. धाकटीनं हात एक घर पुढे सरकवला, जाऊबाईंनी बोट अंगठ्याएवढं खाली ओढलं; बासवर बोट खाली गेलं की सूर वर जातो.

सॅक्सोफोनमधून असा एक आवाज निघाला, की रात्री अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी.

आणि भाऊजींचे डोळे उघडले.

चाळीस वर्षांत सोलोच्या मध्यावर ते डोळे उघडलेले कुणी पाहिले नव्हते. तपकिरी होते. पोस्टमनची काडी हातातून निसटता निसटता राहिली. भाऊजींनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी छताकडे पाहत होती. बायकोकडे पाहिलं; बायको बासच्या मानेवर नसलेली धूळ न्याहाळत होती. पोस्टमनकडे पाहिलं, तो मात्र वेड्यासारखा हसत होता, आणि त्या हसण्यात सगळा कट फुटला.

धाकटीला वाटलं, आता थांबतील. रागावतील. लाल दिवा लागलेला असताना ओरडतीलसुद्धा.

भाऊजींनी सॅक्सोफोन पुन्हा ओठांना लावला. दोन सूर वाजवले, थांबले. अंधारात भिंत चाचपावी तसे तीन सूर. पाचवं आवर्तन आलं, पट्टी आणखी वर गेली, आणि ते तिथेही पडले, उठले, गुडघे झटकले. त्यांना पाठ असलेलं काहीच आता चालत नव्हतं. सवयीचे सूर गळून गेले, वटवट गळून गेली, आणि राहिले ते थोडे, मोठे, एकेकटे सूर, प्रत्येकाला विचारून ठेवलेले. सहाव्यात तर त्यांनी एक सूर धरला आणि तो इतका वेळ तसाच राहू दिला, की धाकटी घड्याळ विसरली. सदतीस वर्षांचे असताना बूट हातात घेऊन जिन्यात ऐकत उभे राहिलेले भाऊजी तिला दिसले. आणि तिच्या मनात आलं, अगं बाई, आता हे थांबू नयेत.

तेव्हाच ते थांबले. आपणहून. सहावं आवर्तन संपायच्या दोन ठोके आधी. वाद्य छातीवर सोडलं, आणि हात लांब करून धाकटीला वाट दिली, दारात उभं राहून पाहुण्याला देतात तशी.

धाकटीनं मूळ पट्टीवर झेप घ्यायला बोट चौथ्या मोकळ्या तारेवर नेलं. त्याच क्षणी भाऊजींनी बायकोकडे पाहून एक भुवई उचलली. एवढीशी. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्या भुवईची भाषा जाऊबाईंना तोंडपाठ होती.

बास खाली आला नाही. बास अर्धा सूर वर गेला.

चोरावर मोर!

धाकटीनं मान झटकन वळवली. जाऊबाई डोळे मिटून वाजवत होत्या, आता त्यांचे मिटले होते, आणि गालात हसू मावत नव्हतं. गिटार एकटी बोलू लागली की तिच्या पायाखालची जमीन बासची असते. बास म्हणेल ती पट्टी. मोकळी तार छेडली असती तर तिनं भर सभेत शिवी दिली असती. वीस वर्षांचा तो सोलो धाकटीच्या बोटांतून असा निघून गेला, की हातातला फुगा सुटावा आणि आपण नुसतं वर बघत राहावं.

एक मात्रा गेली. चार गेल्या. पोस्टमन आणि जाऊबाई पळताहेत, आणि ज्यासाठी एवढा आटापिटा केला त्या जागेत गिटार मुकी उभी. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्यानं मान वर केली.

रडावं की हसावं हे ठरायच्या आत धाकटीला हसू आलं. खड्डा खणणारीचाच पाय खड्ड्यात! तिनं एक सूर वाजवला, सगळ्यात बारीक तारेवर, वर, जिथे ती सहसा जात नसे. तो लटपटला. तिनं त्याला पुन्हा वाजवलं, मुद्दाम तसंच लटपटत. मग त्याला एक शेजारी दिला. मग दोघांचं भांडण लावून दिलं. आणि बोटं धावू लागली, पाठ केलेलं म्हणणाऱ्या मुलीसारखी नव्हे, बाजारात भाव करणाऱ्या बाईसारखी: हे नको, ते दाखवा, तेही नको, त्यामागचं दाखवा! दुसऱ्या आवर्तनाला बास पुन्हा वर. "जा, जा कुठे जायचंय तिथे," धाकटी मनात म्हणाली, "मी आलेच." तिसऱ्याला ती बासच्या आधी जाऊन तिथे बसली आणि जाऊबाईंचीच तारांबळ उडाली. चौथ्यात भाऊजींनी, पाळी नसताना, लांबून दोनच सूर फुंकले. ती त्यांची दाद होती. आठ तबकड्यांत पहिली.

चौथं संपलं तेव्हा धाकटीनं घड्याळ पाहिलं. अकरा आवर्तनं झाली होती, उरलं एक. बासची पाळी नाही, ड्रमची नाही. तिनं डोक्याला हात लावला. सरळ चालीवर परत, याची ती खूण. पोस्टमनला तो खरोखरचा डोक्याला हात वाटला असावा, इतकं त्याचं तोंड पडलं.

आता चाल म्हणायची कोणत्या पट्टीत? हे कुणीच ठरवलं नव्हतं.

धाकटीला वाटलं, बिचाऱ्या भाऊजींची किती ओढाताण केली आपण. त्यांच्या बोटांना ही चाल मूळच्या पट्टीतच ठाऊक. म्हणून ती त्यांच्यासाठी मूळ पट्टीवर आली.

भाऊजींना वाटलं, पोरीचा दिवस आहे, ती जिथे पोचली तिथेच आपण जावं. म्हणून ते तिच्यासाठी वरच्या पट्टीवर गेले.

आणि चौतीस वर्षं एका तारेवरून उठणारी दोन पाखरं दोन वेगवेगळ्या झाडांवरून उठली. चाल तीच, वेग तोच. एक खाली, एक वर. दोघांनाही एकाच वेळी कळलं, दोघांनीही एकमेकांकडे भेदरून पाहिलं. थांबता येईना. एकानं बदलावं तर दुसराही बदलेल ही भीती, म्हणून दोघंही दात चावून आपापल्या वाटेनं शेवटपर्यंत धावले. जाऊबाईंनी दोघांकडे पाहून खाली एकच सूर धरून ठेवला, भांडणाऱ्या मुलांमध्ये आई हात आडवा धरते तसा.

शेवटचा सूर विरला. लाल दिवा गेला.

"चूक माझी," भाऊजी धापा टाकत म्हणाले.

"नाही हो, माझी. मीच खाली आले."

"तू का आलीस खाली? मी वर येत होतो ना?"

"तुम्ही कधी येता का दुसऱ्याकडे? मला काय माहीत, आजच याल!"

"बघा," जाऊबाई पोस्टमनला म्हणाल्या, "दोघं एकमेकांच्या घरी गेली, आणि दोन्ही घरांना कुलूप."

"माझी दोन आवर्तनं कुठे गेली, ते सांगा आधी," पोस्टमन म्हणाला.

भोंगा खरखरला. "शेवटी काय झालं?" रेकॉर्डिंगवाला विचारत होता. "दुसऱ्या टेकची चाल कापून इथे जोडता येईल. पण आधी ऐका."

त्यानं शेवट लावला. चौघं उभ्यानं ऐकू लागले. धाकटीनं कान झाकायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. टोचत नव्हतं. दोन चाली एकमेकींवर आदळत नव्हत्या. एकीच्या खांद्यावर दुसरी बसून चालली होती, रुंद, उघडी, थोडी रानटी. तिनं बोटांवर मोजलं. भाऊजींच्या वेळी तीनदा वर, आपल्या वेळी चारदा. सात अर्धे सूर. 'सा'पासून थेट 'प'.

"पंचम," ती पुटपुटली.

"बाई गं," भाऊजी म्हणाले. "ठरवून हे कुणी केलं नसतं."

"ठरवलं असतं तर तुम्ही ऐकलं नसतंत." मग काचेकडे वळून धाकटी म्हणाली, "कापू नका. काही जोडू नका. आहे तसंच राहू द्या."

"आणि सोलो? तो चालेल ना बाईंना?" जाऊबाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "रागावलीस का गं? तो तुझा कट होता, हा आमचा होता. पण तुझी वीस वर्षांची रचना गेली."

धाकटीनं उत्तर द्यायच्या आत भोंग्यातून आवाज आला, "चार आवर्तनं. मोजली मी. पहिल्या चार मात्रा गप्प आहात, तेवढं चालतं." आणि जरा थांबून, "ते गप्प राहणं चांगलं आहे."

त्या मोजकं बोलणाऱ्या माणसाचं त्या वर्षातलं ते सगळ्यात लांब भाषण असावं.

दार उघडलं. जाहिरातवाली गाणारी मंडळी घोळक्यानं आत आली, साबणाची दोन ओळींची चाल घोकत. चौघांनी तारा गुंडाळल्या, पेट्या लावल्या, बासला त्याचं पांघरूण घातलं आणि कॉरिडॉरमध्ये आले.

भाऊजी सॅक्सोफोनची पेटी पोटाशी धरून पुढे चालले होते आणि काहीतरी गुणगुणत होते. धाकटीनं कान दिला. तो तिचाच सोलो होता, तिसऱ्या आवर्तनातला, जिथे ती बासच्या आधी जाऊन बसली ती जागा.

"ही जागा घेतलीस कशी, धाकटे?" ते मागे न वळता म्हणाले. "इथून इथे उडी मारलीस, मध्ये काय केलंस? उद्या दाखव मला. नीट, हळू."

"उद्या कशाला, आत्ता सांगते," धाकटी म्हणाली, आणि हवेतच बोटं टेकवून पाहिली. मध्ये काय केलं, ते तिलाच आठवेना. तबकडी निघेल तेव्हा तीही पुढ्यात घेऊन बसणार होती, सूर सूर शोधत, परक्याची असल्यासारखी.

भाऊजी पुन्हा गुणगुणले. उडीपाशी चुकले. परत मागून आले, परत तिथेच चुकले, आणि ती चूक इतकी झोकात केली, की ऐकणाऱ्याला वाटावं असंच असतं.

"चुकताहेत ते," जाऊबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "सांग की."

"छे हो," धाकटी म्हणाली. "नवव्या तबकडीपर्यंत असंच पाठ होऊ द्या त्यांचं."